सीमेवरच्या कैदेचा अभ्यास: सुरुवात एका गावापासून करा

सीमाभागातल्या हल्ल्यांत पकडून नेलेल्या माणसांचा इतिहास अभ्यासायचा म्हणता, विषय उत्तम निवडलात. फक्त क्रिमिया, अल्जियर्स, उत्तर अमेरिका असं सगळं एकदम हाती घेऊ नका. एकच घटना धरा. मी डीअरफील्ड सुचवेन.

हे मॅसॅच्युसेट्समधलं इंग्रज वसाहतवाल्यांचं गाव. फेब्रुवारी 1704 च्या अखेरीस फ्रेंच आणि त्यांच्या मूलनिवासी मित्रांनी हल्ला करून शंभरावर माणसं कॅनडाकडे नेली. पाद्री जॉन विल्यम्स 1706 मध्ये सुटून आले. त्यांची मुलगी युनिस पकडली गेली तेव्हा सात वर्षांची होती. ती कॅनडातल्या कानावाके गावात मोहॉक या मूलनिवासी लोकांत वाढली, इंग्रजी विसरली, तिथेच लग्न केलं. पुढे भावंडांना भेटायला आली, पण राहायला कधीच परतली नाही. 1785 मध्ये ती तिकडेच वारली. मेलेल्या आप्ताची जागा भरायला कैद्याला दत्तक घ्यायची मोहॉकांची रीत होती. ती समजली की युनिस उमगायला लागते.

सुरुवातीला हे सांभाळा:

- फक्त सुटून आलेल्यांच्या कहाण्यांवर विसंबू नका. जॉन यांची 1707 मध्ये छापली गेली. युनिसची तशी नाही.
- दत्तक म्हणजे सुखाचा शेवट, असं समजू नका. युनिसची आई कॅनडाकडे नेताना वाटेतच मारली गेली.
- कैद एकतर्फी मानू नका. वसाहतवाले आणि मूलनिवासी यांच्यातल्या 1675-76 च्या युद्धात इंग्रजांनी कित्येक मूलनिवासींना गुलाम म्हणून वेस्ट इंडिजला विकलं. नवखे नेमकं हेच सोडतात, आणि मला ते फार खटकतं.

खंडणी आणि कैद्यांच्या अदलाबदलीचं राजकारण सध्या बाजूला ठेवा. आधी विल्यम्स कुटुंबाची वंशावळ कागदावर काढा आणि कोण परतलं, कोण राहिलं ते नावापुढे लिहा.