डाग खाली, गळती वर

वाचकांचे प्रश्न : वाहन आणि देखभाल

प्रश्न : माझ्याकडे २०१३ सालची पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी असून ती ९२,००० किलोमीटर चालली आहे. आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. गेल्या चार महिन्यांपासून पार्किंगच्या फरशीवर रोज सकाळी काळसर तेलाचे दोन-तीन ठिपके दिसतात आणि सोसायटीच्या बैठकीत आता माझ्या गाडीचा विषय निघू लागला आहे. एका गॅरेजमध्ये ऑइल चेंबरचे पॅकिंग बदलून घेतले. पंधरा दिवस बरे गेले आणि ठिपके पुन्हा सुरू झाले. दुसऱ्या गॅरेजवाल्यांनी गाडीखाली वाकून पाहिले आणि क्रँकचे मागचे ऑइल सील गेले आहे, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, असे सांगितले. मुंबईहून कसारा घाट चढून आलो की बॉनेटमधून जळकट वासही येतो. खर्चाला माझी ना नाही, पण तो दुसऱ्यांदा वाया जाऊ नये. काय करावे? (एक वाचक, इंदिरानगर)

उत्तर : गिअरबॉक्स उतरवण्यास आपण तूर्त होकार देऊ नये, कारण आपण लिहिलेल्या दोन गोष्टी त्या निदानाशी जुळत नाहीत. पहिली म्हणजे जळकट वास. क्रँकचे, म्हणजे इंजिनातल्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याचे, मागचे सील इंजिनाच्या खालच्या भागात, इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्याच्या आत असते. तेथून निघालेले तेल खालीच गळणार. फार तर ते सायलेन्सरच्या पाइपवर पडेल. बॉनेटमधून येणारा वास बहुधा वरून ओघळून तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनातला जळका वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांवर) पडणाऱ्या तेलाचा असतो. घाट चढताना इंजिन बराच वेळ जोर लावून चालते, तेल तापून पातळ होते आणि एरवी नुसता ओलावा धरणारा सांधा तेव्हा चांगलाच पाझरू लागतो. दुसरी गोष्ट म्हणजे ते पंधरा दिवस. चेंबरचे, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठवणाऱ्या भांड्याचे, पॅकिंग बदलताना कारागिराने तो सगळा भाग पुसून स्वच्छ केला असणार. त्यानंतर वरून येणाऱ्या तेलाने वाटेतल्या कडा आणि खाचा पुन्हा भरल्या, इंजिनाखालच्या प्लास्टिकच्या आवरणात ते साचले आणि त्या आवरणाच्या भोकातून फरशीवर पडू लागले, यात दोन आठवडे सहज जातात. नव्या पॅकिंगचे म्हणून जे श्रेय आपण दिलेत, ते बहुधा कारागिराच्या फडक्याचे होते.

तेल नेहमी खाली ओघळते आणि गाडी धावत असताना वाऱ्याने मागे रेटले जाते. त्यामुळे फरशीवरचा ठिपका गळतीच्या जागेबद्दल फारसे काही सांगत नाही. शोध घ्यायचा तो सर्वांत वरच्या ओल्या जागेचा. अंबडच्या एका गॅरेजात अशीच एक गाडी मी लिफ्टवर पाहिली आहे. खालून पाहिल्यावर इंजिन आणि गिअरबॉक्स यांचा सांधा तेलाने थबथबलेला होता आणि कोणीही मागच्या सीलवर बोट ठेवले असते. बॉनेट उघडून बॅटरीने मागच्या बाजूला उजेड टाकला, तेव्हा टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या हेडवरच्या (सर्वांत वरच्या भागावरच्या) झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यातून निघालेला करंगळीएवढा रुंद ओघळ दिसला. त्यावर धूळ बसून काळा, मऊ थर तयार झाला होता. बोटाने तो थर सारला की खाली चकचकीत ओला पट्टा दिसे, आणि तो पट्टा हेडच्या पाठीवरून थेट त्या सांध्यात उतरत होता. तुमच्या गाडीचेही असेच असेल असे पत्रावरून ठामपणे सांगता येणार नाही, पण पहिला संशय मी तेथेच घेईन.

आता पुढची पायरी. इंजिन पूर्ण थंड असताना वरच्या टॅपेट कव्हरपासून खालच्या चेंबरपर्यंत डिग्रीझर (तेलकटपणा काढणारे द्रव) आणि ब्रश यांनी ते स्वच्छ करून घ्यावे. अल्टरनेटर आणि इग्निशन कॉइल आधी प्लास्टिकच्या पिशव्यांनी झाकून घ्याव्यात, जोराच्या फवाऱ्याने पाणी मारू नये आणि पैसे वाचवण्यासाठी पेट्रोलने धुण्याचा मोह तर अजिबात करू नये. हे धुणे घराच्या पार्किंगमध्ये करू नये, अशीही विनंती आहे; आपल्या भागातले असे पाणी नाल्यातून नासर्डीला आणि नासर्डीतून गोदावरीला मिळते. गॅरेजमध्ये तेलकट पाणी वेगळे धरण्याची सोय असेल तेथेच हे काम करावे. खालचे प्लास्टिकचे आवरण काढून ठेवावे, इंजिन कोरडे झाले की पाथर्डी फाट्यावरून पांडवलेणी मागे टाकत विल्होळीपर्यंत एक फेरी मारावी आणि परत येताच बॉनेट उघडून वरून व खालून उजेड टाकून पाहावे. अर्ध्या तासाने पुन्हा पाहावे. गळती अगदी बारीक असेल, तर संशयाच्या सांध्यावर साधी टाल्कम पावडर हलकेच फुंकून फेरी मारावी; पांढऱ्या पावडरीत तेलाची रेघ उमटते. (फिरणाऱ्या पट्ट्यांवर पावडर जाऊ देऊ नये.) एवढ्यानेही उलगडा झाला नाही, तर तेलात मिसळण्याचा चमकणारा रंग मिळतो. तो टाकून अर्धा तास गाडी चालवली आणि अंधाऱ्या जागी अतिनील प्रकाशाच्या टॉर्चने पाहिले की गळतीचा माग पिवळसर हिरवा चमकतो आणि वरच्या टोकाला त्याचा उगम सापडतो. गॅरेजवाल्यांकडे ही टॉर्च नसेल, तर ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे जावे. गिअरबॉक्स उतरवण्याच्या मजुरीपुढे हा खर्च किरकोळ आहे.

सांधा सापडला तरी लगेच पाना हाती घेऊ नये. आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह तपासून घ्यावा. पिस्टनच्या कडेने थोडा वायू नेहमीच खाली क्रँककेसमध्ये उतरतो आणि या व्हॉल्व्हमधून तो पुन्हा इनटेककडे ओढला जातो. व्हॉल्व्ह किंवा त्याची नळी काजळीने चोंदली, तर तो वायू आत कोंडतो आणि जो सांधा सर्वांत कच्चा असेल तेथून तेल बाहेर ढकलतो. अशा इंजिनाला एक पॅकिंग बदलले की काही दिवसांनी दुसरे गळू लागते आणि मालक बिचारा पॅकिंगच्या दर्जाला दोष देत राहतो. बऱ्याच जुन्या व्हॉल्व्हमध्ये एक सैल भाग असतो. व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवला असता तो खुळखुळला पाहिजे. आवाज नाही आला, तर तो बदलावा. तो स्वस्त असतो.

टॅपेट कव्हरचेच पॅकिंग गेलेले निघाले, तर काम अर्ध्या दिवसाचेही नाही; मात्र ते कसे होते याकडे आपण उभे राहून लक्ष द्यावे. वर्षानुवर्षे उष्णता खाऊन ते रबर इतके कडक होते की खाचेतून काढताना पापडासारखे मोडते. त्याचे तुकडे आत पडू देऊ नयेत. हेड ॲल्युमिनियमचे असते, म्हणून त्यावरची जुनी घाण लोखंडी पात्याने खरवडू नये. प्लास्टिकचे पाते वापरावे. नवे पॅकिंग खाचेत कोरडेच बसवायचे असते. सिलिकॉन लावायचे ते फक्त टायमिंग चेनचे कव्हर हेडला मिळते त्या दोन कोपऱ्यांवर, आणि तेही मसुराच्या दाण्याएवढे. सगळ्या कडेने सिलिकॉनची जाड वेणी घालणे हे कौशल्य नव्हे. जास्तीचे सिलिकॉन आतल्या बाजूला सुटून चेंबरमध्ये पडते आणि ऑइल पंपाच्या जाळीत अडकते. बोल्ट मधून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने (जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळावेत. हे बोल्ट लहान असतात आणि त्यांचे माप बहुतेक गाड्यांत १० न्यूटन-मीटरच्या आसपास असते; नेमका आकडा आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्यावा. जास्त आवळल्याने गळती थांबत नाही, कव्हर वाकते. कव्हर निघालेच आहे तर स्पार्क प्लगच्या विहिरींची सीलही बदलून घ्यावीत. प्लग काढल्यावर विहिरीत तेल दिसले, तर ती आधीच गेलेली आहेत असे समजावे.

वरचे सगळे सांधे कोरडे राहिले आणि इंजिन-गिअरबॉक्सचा सांधा तेवढा आतून ओला होत गेला, तरच मागच्या सीलचे निदान मान्य करावे. त्या वेळीही बोटाला लागलेल्या तेलाचा वास घ्यावा. गिअर ऑइलला उग्र, गंधकासारखा वास असतो, आणि तसा वास आला तर दोष गिअरबॉक्सच्या सीलचा आहे, क्रँकच्या नव्हे. गिअरबॉक्स उतरवावाच लागला, तर क्लच प्लेट पाहून घ्यावी. तिच्यावर तेल गेले असेल किंवा ती झिजली असेल, तर त्याच मजुरीत ती बदलता येते.

हे सारे होईपर्यंत गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी, आठवड्यातून दोनदा डिपस्टिक (तेलाची पातळी दाखवणारी पट्टी) पाहावी. तिच्यावरच्या दोन खुणांमध्ये लहान गाड्यांत साधारण एक लिटरच्या आसपास अंतर असते. खालच्या खुणेपर्यंत वाट पाहू नये. मॅनिफोल्डवर तेल पडून धूर दिसू लागला, तर घाटाचा प्रवास दुरुस्तीपर्यंत टाळावा, कारण त्यात आगीचा धोका आहे. ऑइलच्या दाबाचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला, तर गाडी सुरक्षितपणे कडेला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावे. पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत नेऊ, हा हिशेब तेथे चालत नाही; तेलाच्या दाबाशिवाय बेअरिंग काही मिनिटांतच जातात.

प्रश्न : माझ्या गाडीतून कधी थेंब पडला नव्हता. मागच्या शनिवारी सर्व्हिसिंग करून आणली आणि रविवारी सकाळी खाली बशीएवढा डाग! गॅरेजवाले म्हणतात, गाडी जुनी झाली. हे खरे मानावे का? (एक वाचक, नाशिक रोड)

उत्तर : एका रात्रीत गाडी जुनी होत नाही. सर्व्हिसिंगमध्ये हात लागलेल्या दोनच जागा आधी पाहाव्यात. चेंबरच्या ड्रेन नटाखालचा तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वॉशर एकदा दबला की पुन्हा नीट बसत नाही, म्हणून तो प्रत्येक ऑइल बदलीला नवा घालायचा असतो. जुनाच घालून नट जोरात आवळण्याची सवय अनेकांना असते आणि त्यात ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात. दुसरी जागा ऑइल फिल्टर. जुन्या फिल्टरची रबरी रिंग कधी कधी इंजिनालाच चिकटून राहते आणि नव्या फिल्टरची रिंग तिच्यावर बसते. दोन रिंगा एकमेकींवर टिकत नाहीत. दाबाखाली त्या सरकल्या तर सगळे तेल भराभर बाहेर पडते. म्हणून हे आजच तपासून घ्यावे, तोवर गाडी चालवू नये, आणि शक्य तर कारागिरालाच गाडीपाशी बोलवावे. नव्या रिंगेला तेलाचे बोट लावून, ती टेकल्यावर फिल्टर हातानेच साधारण पाऊण फेरा आवळतात. आपल्या फिल्टरवर वेगळे छापले असेल तर ते पाळावे.

प्रश्न : जुन्या डिझेल गाडीचे तेल थोडे गळते. मित्र म्हणतात, जाड ऑइल घाल किंवा गळती थांबवणाऱ्या औषधाची बाटली ओत. पॅकिंगच्या भानगडीत पडू नको. (एक वाचक, पंचवटी)

उत्तर : गळतीच्या बाटलीत रबर फुगवणारे आणि मऊ करणारे द्रव्य असते. सील नुसते आकसले असेल, तर त्याने काही काळ गळती कमी होऊ शकते; चिरलेले सील, वाकलेले कव्हर किंवा गेलेला वॉशर याने जुळत नाही. गाडी महिन्या-दोन महिन्यांत विकायची नसेल, तर मी ही बाटली वापरणार नाही (आणि विकायची असेल, तर घेणाऱ्याला सांगावे). जाड तेलाबाबत माझे मत अधिक कडक आहे. मॅन्युअलमध्ये ५ डब्ल्यू-३० लिहिले असताना २० डब्ल्यू-५० घातले, तर गळती थोडी मंदावेलही, पण डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली उतरतो त्या सकाळी ते घट्ट तेल वरच्या भागांपर्यंत उशिरा पोहोचते, आणि आपल्या गाडीला टर्बो असेल तर त्याचे बेअरिंग तेवढा वेळ कोरडे फिरते. मॅन्युअलमध्ये उष्ण हवामानासाठी जाड तेलाला मान्यता दिलेली असेल, तर गोष्ट वेगळी. त्या तक्त्याबाहेर जाऊ नये. टर्बो असल्यास त्याला तेल नेणारी आणि परत आणणारी नळी जेथे जोडली आहे ते जोडही पाहून घ्यावेत. डिझेल गाड्यांत तेथे पाझर सापडतो, आणि तो अनेकदा दोन नव्या वॉशरवर मिटतो.