गाडीची नाडी : आधी तेलाचा वास घ्या

प्रश्न : काका, नमस्कार. आमच्याकडे २००२ सालची डॉज रॅम २५०० पिकअप आहे. ५.९ लिटर कमिन्स, चोवीस व्हॉल्व्हवालं डिझेल इंजिन, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. १,६२,००० मैल झालेत. मागे ८,५०० पौंडांचा कॅम्पिंग ट्रेलर ओढतो. डेन्व्हरहून आय-७० ने आयझेनहॉवर बोगद्याकडे चढताना इंजिनाच्या फेऱ्यांचा (आरपीएमचा) काटा तीनचारशेने वर सरकतो, पण गाडीचा वेग आहे तेवढाच राहतो. आधीच्या मालकाने ताकद वाढवायचा चिप-बॉक्स लावून ठेवलाय. इथला एक दुकानदार म्हणतो, 'स्टेज थ्री' गिअरबॉक्स घाला, ६,८०० डॉलर. घालू का? की सरळ मॅन्युअल करून टाकू? — एक वाचक, कोलोरॅडो

उत्तर : थांबा. चेकबुक ड्रॉवरमध्ये ठेवा आणि स्वयंपाकघरातला एक पांढरा पेपर नॅपकिन घेऊन गाडीपाशी जा.

गाडी वीसेक मिनिटं चालवून गरम करा. सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकाला लाकडी ठोकळा लावा आणि गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन चालू ठेवा. पार्कमध्ये नाही, न्यूट्रलमध्ये. तुमच्या गाडीत जो ४७ आरई गिअरबॉक्स आहे त्याची ही जुनी खोड : पार्कमध्ये असताना त्याचा पंप कन्व्हर्टरकडे (इंजिनाचा जोर तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) आणि तेल थंड करणाऱ्या कूलरकडे तेल पाठवत नाही. पार्कमध्ये मोजलेली पातळी खोटी. आता तेल मोजायचा गज काढा आणि टोकाचा थेंब नॅपकिनवर टेकवा. लालसर डाग पसरला, वास तेलाचाच आला, तर अजून आशा आहे. डाग तपकिरी, मधोमध काळा ठिपका आणि वास करपलेल्या पोळीचा आला, तर आतल्या क्लच प्लेटा भाजल्यात. मग नुसत्या कन्व्हर्टरवर भागणार नाही.

आता रस्त्यावरची परीक्षा. ट्रेलर न लावता, मोकळ्या रस्त्यावर, मागेपुढे कोणी नाही बघून ताशी ५५-६० मैलांवर गाडी स्थिर करा. ब्रेकच्या पेडलला नुसता अंगठा लावल्यासारखं करा. दिवा लागेल एवढंच, गाडी दाबायची नाही. लॉकअप, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारी कन्व्हर्टरमधली पकड, लागलेलं असेल तर ते सुटेल आणि काटा दोनएकशेने वर उडी मारेल. म्हणजे लॉकअप लागतं तरी. मग हळूहळू पाय दाबत जा. लॉक असताना काटा आणि वेग बरोबरच वाढायला हवेत. काटा पुढे पळाला तर काहीतरी घसरतंय. काय घसरतंय ते कळायला ओव्हरड्राइव्हचं, म्हणजे चौथ्या गिअरचं, बटण बंद करा आणि तिसऱ्यात तीच परीक्षा घ्या. तिसऱ्यातही घसरलं तर संशय कन्व्हर्टरमधल्या लॉकअप क्लचवर. फक्त चौथ्यात घसरलं तर ओव्हरड्राइव्हच्या प्लेटा.

तुमचं पत्र वाचून माझा कौल कन्व्हर्टरकडे आहे. कारण सोपं आहे. २००१-०२ च्या ऑटोमॅटिक गाडीत कंपनीने इंजिन ४६० फूट-पौंड टॉर्कचं दिलं, आणि त्याला धरायला कन्व्हर्टरमध्ये दिला एकच लॉकअप क्लच. एक पिस्टन, त्यावर घर्षणाचं एक अस्तर, ते पुढच्या पत्र्याच्या झाकणावर दाबलं जातं. कंपनीच्या ताकदीला ते कसंबसं पुरतं. चिप लावली, जोर वाढला, तर झाकण वाकतं, अस्तराचा काही भागच टेकतो आणि घसरण सुरू होते. घसरलं की उष्णता, उष्णतेने अस्तर आणखी गुळगुळीत, मग आणखी घसरण. वर चढ सहासात टक्क्यांचा आणि बोगदा ११,१५८ फुटांवर. तिथे ही साखळी पूर्ण व्हायला फार वेळ लागत नाही.

म्हणून पहिलं काम फुकटचं : तो चिप-बॉक्स काढा, निदान ट्रेलर लावताना तरी. ताकद गिअरबॉक्स धरू शकेल तेवढीच द्यायची. रागावू नका, पण मी पाहिलंय, लोक गिअरबॉक्सवर सहा हजार घालतील आणि चिप काढा म्हटलं की तोंड पाडतील.

दुसरं, टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल तपासून घ्या. एक्सिलरेटरवर किती दाब आहे हे ती केबल गिअरबॉक्सला सांगते. ती सैल पडली की आतला दाब कमी मिळतो आणि चांगल्या प्लेटाही घसरतात. दहा मिनिटांचं काम. ते न करता गिअरबॉक्स खोलणारा मिस्त्री मला भेटला तर मी त्याला चहा पाजणार नाही.

तेल लाल निघालं, आणि पॅनमधल्या चुंबकावर नुसता राखाडी गाळ असला (तो असतोच, घाबरू नका), तर माझा सल्ला : तीन डिस्कचा कन्व्हर्टर आणि जोडीला सुधारलेली व्हॉल्व्ह बॉडी (आतलं तेल हवं तिथे वळवणारा भाग), एवढंच. तीन डिस्कच्या कन्व्हर्टरचं पुढचं झाकण पत्र्याचं नसतं, जाड पोलादातून कातलेलं असतं, त्यामुळे वाकत नाही, आणि एकाच्या जागी तीन डिस्क पकड घेतात. घेताना स्टॉल स्पीड, म्हणजे कन्व्हर्टर ज्या आरपीएमला जोर धरतो तो आकडा, कमी असलेला मागा. डिझेलचा जोर खालच्या आरपीएमवर असतो, तिथेच तो चाकाकडे जायला हवा, तेल घुसळण्यात नव्हे. व्हॉल्व्ह बॉडीने आतला दाब वाढतो, गिअर रेंगाळत न पडता पटकन पडतात. पॅन खोललाच आहे तर गव्हर्नर प्रेशरचा सोलेनॉइड आणि सेन्सर नवे टाका. ही जोडगोळी म्हणजे या गिअरबॉक्सचं रोजचं रडगाणं आहे.

तेल करपलं असेल तर मात्र पूर्ण खोलावंच लागेल. तरीही 'स्टेज थ्री' म्हणजे काय ते आधी कागदावर लिहून घ्या. 'स्टेज' या शब्दाचं कुठलंही प्रमाण नाही. एका दुकानाचं टू ते दुसऱ्याचं फोर असतं. विचारा : बँडचा (ड्रम आवळून धरणाऱ्या पट्ट्याचा) लिव्हर आणि स्ट्रट बदलणार का? हा स्ट्रट मूळचा नाजूक, तुटला की दुसरा गिअर गेला. डायरेक्ट ड्रममध्ये जास्तीच्या प्लेटा घालणार का? फ्लेक्सप्लेट (इंजिनाला कन्व्हर्टर जोडणारी चकती) कोणती? बिलेट (अखंड पोलादातून कातलेला) इनपुट शाफ्ट का हवा? तुम्ही चिप काढून ट्रेलर ओढणार असाल तर त्या महागड्या शाफ्टची गरज मला दिसत नाही. तो शर्यतीवाल्यांसाठी. आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न : जुना कूलर काय करणार? जळलेल्या गिअरबॉक्सची घाण कूलरच्या नळ्यांत बसते, धुऊन पुरती निघत नाही. कूलरच्या लाइनमध्ये तेल मागे येऊ नये म्हणून एक चेक व्हॉल्व्ह असतो, तोही तुंबतो. नवा गिअरबॉक्स जुन्या कूलरला जोडणं म्हणजे आंघोळ करून मळके कपडे घालणं.

आता एक गोष्ट माझ्या स्वतःच्या फजितीची. १९९९ साली मी ओहायोत ज्या दुकानात लागलो तिथला हा माझा तिसरा की चौथा गिअरबॉक्स. कन्व्हर्टर गिअरबॉक्समध्ये बसवताना हाताने फिरवत, ढकलत न्यायचा असतो आणि तो तीनदा खाली बसतो : खट, खट, खट. एकदा इनपुट शाफ्टचे खाचे, एकदा स्टेटरचे, शेवटचा पंपाच्या गिअरचा. मी दोन मोजले. शुक्रवार, संध्याकाळचे साडेपाच, वाटलं झालं. बेल हाउसिंग (गिअरबॉक्सचं पुढचं तोंड) इंजिनाला टेकेना, तर मी बोल्ट आवळून टेकवलं. इंजिन सुरू केलं आणि पंपाच्या गिअरचा चुरा झाला. सोमवारी सगळं पुन्हा खाली. पिंपरीत लेथवर उमेदवारी करताना आमचे उस्ताद म्हणायचे, लोखंड जबरदस्तीने बसतंय म्हणजे बसत नाहीये. ते बत्तीस वर्षांचा झाल्यावर परदेशात पटलं. तुमच्या मिस्त्रीने बोल्ट आवळण्याआधी कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरतोय का हे बघितलं का, एवढं विचाराच.

मॅन्युअलचा विचार सोडा. त्या काळचा सहा गिअरचा एनव्ही ५६०० चांगला, पण आता बनत नाही, भाग शोधत फिरावं लागतं. शिवाय पेडल, क्लच, कॉम्प्युटर सगळं बदलायचं. एवढ्या खर्चात तुमचा ऑटोमॅटिक दोनदा दुरुस्त होईल.

आणि हो, तापमानाचा काटा लावा. माझं म्हणणं ऐकून एकच वस्तू घ्यायची असेल तर ती हीच. पॅनमध्ये १७५-१८० फॅरनहाइट असलं की निवांत. २२० च्या पुढे जाऊ लागलं की ओव्हरड्राइव्ह बंद करून एक गिअर खाली या, वेग कमी करा, ट्रकवाल्यांच्या मागे उजव्या लेनमध्ये चला. लाज कसली! घाटमाथ्यावर थांबलात तर पार्कमध्ये इंजिन चालू ठेवू नका, न्यूट्रल आणि हँडब्रेक. का ते वर सांगितलंच आहे. तेल फक्त एटीएफ प्लस फोर. 'सगळ्या गाड्यांना चालतं' असं लिहिलेली बाटली दुकानात तशीच राहू द्या. पॅनला ड्रेन प्लग नाही हे विसरू नका. बोल्ट सैल केले की तेल कोपरापर्यंत येतं. मी त्यात तीन शर्ट घालवलेत, चौथा आमच्या घरात पुसायचं फडकं म्हणून अजून आहे.

(कमिन्स म्हटलं की मला कोथरूड आठवतं. १९६२ साली किर्लोस्कर कमिन्स तिथे सुरू झालं. आमच्या आळीत निम्म्या घरांतलं कोणी ना कोणी तिथे कामाला. इथे ओहायोत डॉजचं बॉनेट उघडून ते नाव दिसलं की उगाच कोणी ओळखीचं भेटल्यासारखं वाटतं.)

प्रश्न : माझ्या २००४ च्या सिल्व्हरॅडो ड्युरामॅक्सला अ‍ॅलिसन १००० गिअरबॉक्स आहे. भाच्याने लॅपटॉपवरून इंजिन ट्यून केलं. आता जोर लावला की गाडी एकाच गिअरला चिकटते आणि इशाऱ्याचा दिवा लागतो. अ‍ॅलिसन मजबूत असतो ना? — एक वाचक, टेक्सास

उत्तर : मजबूत आहे, शिवाय शहाणा आहे. प्लेटा घसरतायत हे त्याच्या कॉम्प्युटरला कळतं आणि तो स्वतःला वाचवण्यासाठी हातपाय आखडून घेतो. डॉजचा बिचारा जळून जाईपर्यंत बोलत नाही, हा आधीच बोंब मारतो. त्या बोंबेला बिघाड समजू नका. भाच्याला सांगून मूळ ट्यून परत घाला आणि महिनाभर चालवा. दिवा पुन्हा लागला नाही तर प्लेटा बहुधा वाचल्या. अ‍ॅलिसनला बाहेरून फिरवून काढायचा फिल्टर असतो, इंजिन ऑइलच्या फिल्टरसारखा. तो काढा, त्याच्या चुंबकावर काय आलंय ते बोटाने चोळून बघा. मऊ गाळ ठीक, बोटाला टोचलं तर खोलावा लागेल. ट्यून ठेवायचंच असेल तर आधी प्लेटा आणि कन्व्हर्टर, मग ट्यून. भाच्याने क्रम उलटा केला, एवढंच.

प्रश्न : नाशिकजवळ बाग आहे. २०२३ ची हायलक्स ऑटोमॅटिक घेतली, क्रेट आणि खतं घेऊन कसारा घाट चढउतार असते. गिअरबॉक्स अपग्रेड करून घ्यावा का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : मुळीच नको. कंपनीने ५०० न्यूटन-मीटरचं इंजिन आणि सहा गिअरचा हा ऑटोमॅटिक एकमेकांसाठी जुळवून दिलाय. वाढवायला गेलात तर वॉरंटी आधी जाईल. फक्त दोन गोष्टी. ओझं नेहमी असतं म्हणून गिअरबॉक्सचं तेल सर्व्हिसच्या माणसाला कठीण वापराचा हिशेब धरून बदलायला सांगा, 'आयुष्यभर चालतं' असं कोणी म्हटलं तर हसून ऐका. आणि कसारा उतरताना एस मोडमध्ये हाताने खालचा गिअर धरा. त्या उतारावर ब्रेकचा वास येऊ लागला की समजा, गिअर एक खाली घ्यायचा राहिलाय.