पुरंदरावर वारलेला राजपुत्र इंग्लंडच्या गादीवर बसवता येईल का?

साताऱ्याहून एका वाचकाचा लांबलचक मेल आलाय, आधी तो थोडक्यात सांगते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. हे एका ऑडिओ ॲपसाठी मराठीत मालिका लिहितायत. १० जून १८४० ला लंडनमध्ये एडवर्ड ऑक्सफर्ड नावाच्या १८ वर्षांच्या पोराने बग्गीतून चाललेल्या व्हिक्टोरिया राणीवर दोन पिस्तुलं झाडली होती, ती वाचली, हे खरंच घडलंय. यांच्या गोष्टीत ती मरते आणि गादीवर येतो लॉर्ड फ्रेडरिक फिट्झक्लॅरन्स, म्हणजे चौथ्या विल्यम राजाचा अनौरस मुलगा. नवव्या भागात एका चर्चच्या रजिस्टरमध्ये विल्यमच्या गुप्त लग्नाची नोंद सापडते आणि त्या कागदावर फ्रेडरिक राजा होतो, पुढे तो साताऱ्याचा एक मुलगा दत्तक घेतो आणि शेवटी तो मुलगा इंग्लंडचा राजा. १४ भाग दिल्यावर ॲपवाल्यांनी करारातलं कलम ७ दाखवून ५ भागांचं मानधन अडवलं. कलम असं, "मजकुरातील ऐतिहासिक व कायदेशीर बाबी अचूक असण्याची जबाबदारी लेखकाची राहील." यांचा प्रश्न, "मॅडम, माझा राजा कायद्याने बसतो का, आणि माझे पैसे बसतात का?"

दादा, पहिल्यांदा सांगते, फ्रेडरिक निवडलात हे मला मनापासून आवडलं. हा माणूस १८५२ पासून मुंबई इलाख्याच्या फौजेचा सरसेनापती होता आणि १८५४ च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या पुरंदरावर वारला. आज आपण गडाच्या गेटवर आयकार्ड दाखवून आत जातो, चर्चजवळ फोटो काढतो आणि उतरतो, पण एका राजाचा मुलगा इथे गेला हे कितीजणांना माहितीय. तुम्ही ते शोधलंत, म्हणून मीही हे उत्तर नीट वेळ काढून लिहितेय.

आता कायदा. गुप्त लग्नाचा कागद चालत नाही, तिथे ॲपच्या संपादकाची शंका बरोबर आहे. विल्यम गादीवर यायच्या कितीतरी आधी डोरोथिया जॉर्डन या नटीबरोबर २० वर्षं राहिला, १० मुलं झाली, पण १७७२ चा रॉयल मॅरेजेस ॲक्ट असा होता की दुसऱ्या जॉर्जच्या वंशजाने राजाच्या परवानगीशिवाय केलेलं लग्न मुळातच रद्दबातल. म्हणजे नोंद खरी असो, साक्षीदार असोत, पाद्री शपथेवर सांगो, लग्न झालंच नाही असं धरायचं. आणि हे नुसतं पुस्तकात नाही, विल्यमच्या सख्ख्या भावाने, ड्यूक ऑफ ससेक्सने १७९३ मध्ये रोममध्ये लेडी ऑगस्टा मरेशी लग्न केलं, पुढे त्यांचा मुलगा वडिलांच्या पदवीसाठी हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि १८४४ मध्ये हरला, कारण हाच ॲक्ट. तिथे साधी ड्यूकची पदवी मिळाली नाही, तुम्ही त्याच कागदावर अख्खं राज्य मागताय.

याच ॲक्टमध्ये एक पळवाट मात्र होती. वय २५ च्या पुढे असेल तर प्रिव्ही कौन्सिलला, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाला, नोटीस द्यायची, १२ महिने थांबायचं, आणि पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांनी हरकत घेतली नाही तर राजाच्या परवानगीशिवाय लग्न कायदेशीर. विल्यमला १७९० मध्ये २५ पूर्ण झाली होती, त्यामुळे हे जमलं असतं, पण मग तुमची गोष्टच बदलते, कारण सगळी मुलं औरस ठरतात आणि १८३७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच होत नाही, गादी जाते थोरल्या जॉर्ज फिट्झक्लॅरन्सकडे. तो १८४२ मध्ये गेला, त्याच्यामागे त्याची मुलं, फ्रेडरिकचा नंबर कुठेच लागत नाही. (हा जॉर्जसुद्धा १८१७ च्या इंग्रज-मराठा युद्धाच्या धामधुमीत गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जचा एडीसी, म्हणजे लष्करी मदतनीस, म्हणून इथे होता आणि त्या प्रवासावर त्याने पुस्तक लिहिलंय. दुसरी मालिका लिहायची झाली तर हा विषय तयार आहे.)

मग फ्रेडरिकला बसवायचा मार्ग एकच, पार्लमेंटचा ॲक्ट. इंग्लंडची गादी ही नुसती रक्ताची गोष्ट नाही हो, ती कायद्याने दिलेली गोष्ट आहे, १७०१ च्या ॲक्ट ऑफ सेटलमेंटने पन्नासेक कॅथलिक नातेवाईक ओलांडून गादी जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या सोफियाला आणि तिच्या प्रोटेस्टंट वंशाला दिली. आणि अनौरसाचाही दाखला आहे, अगदी ठसठशीत. आठव्या हेन्रीच्या मेरी आणि एलिझाबेथ या दोन्ही मुलींना कायद्याने अनौरस ठरवलं होतं, तरी १५४४ च्या ॲक्टने त्यांना औरस न ठरवताच वारसांच्या रांगेत घेतलं आणि दोघी राण्या झाल्या. तुमच्या हिरोचा वकील कोर्टात उभा राहून रजिस्टर फडकवण्यापेक्षा हा दाखला काढेल तर मी तो भाग दोनदा ऐकेन.

पण इथे एक जागा आहे जिथे बहुतेकजण पडतील. ॲक्टला राजाची संमती लागते, आणि इंग्लंडच्या कायद्यात गादी एक क्षणही रिकामी नसते, ८ सप्टेंबर २०२२ ला एलिझाबेथ गेली त्याच क्षणी चार्ल्स राजा झाला, राज्याभिषेक मग मे २०२३ मध्ये. तसंच १८४० मध्ये गोळी लागून व्हिक्टोरिया गेली (तिचं पहिलं मूल तेव्हा पोटात होतं, तेही तिच्याबरोबर गेलं) की त्या क्षणी तिचा काका अर्नेस्ट, ड्यूक ऑफ कंबरलंड, जो तेव्हा हॅनोव्हरचा राजा होता, बसल्या जागी इंग्लंडचाही राजा होतो. मग त्याला वगळायच्या ॲक्टवर सही कोण करणार, तोच. नाही करणार. म्हणून तुमचा कागद गोळीच्या आधीचा पाहिजे.

माझा सल्ला, तो ॲक्ट १८३६ मध्ये करा. त्या वर्षी ऑरेंज लॉज या कट्टर प्रोटेस्टंटांच्या संघटनेच्या भानगडीवरून हा कंबरलंड पार्लमेंटच्या डोळ्यात सलत होता, व्हिक्टोरियाला बाजूला सारून यालाच गादीवर आणायचा डाव आहे अशा वावड्या होत्या, शेवटी त्याला ते लॉज बंद करावे लागले. विल्यम जिवंत आहे, म्हणजे मुलाच्या ॲक्टवर खुद्द बापाची संमती येते, हा सीन तुम्हाला आयता मिळतो. मजकूर असा ठेवा की व्हिक्टोरिया निपुत्रिक गेली तर गादी फ्रेडरिककडे. नाव घालूनच लिहा, नुसतं "राजाची मुलं" लिहिलंत तर थोरला जॉर्ज पुढे येतो. मधे राहतात ससेक्स आणि केंब्रिज हे दोन काका. ससेक्सला कायद्याने वारस नाही. केंब्रिज तेव्हा हॅनोव्हरचाच व्हाइसरॉय, मुलगाही तिकडे जन्मलेला, तेव्हा पार्लमेंटला हॅनोव्हरशी नातंच तोडायचंय असं कारण द्या, पटेल.

आता दत्तक. इथे माझा हात जरा थांबला, कारण तुम्ही साताऱ्याचे आहात. ॲक्ट ऑफ सेटलमेंटमध्ये वारस म्हणजे पोटचा वंश, आणि इंग्लंडमध्ये दत्तकाचा कायदाच १९२६ मध्ये आला, त्याआधी त्यांच्याकडे दत्तक ही कायदेशीर गोष्ट नव्हती. आपल्याकडे दत्तक मुलगा औरसासारखाच, पिंड देतो, गादी चालवतो. ५ एप्रिल १८४८ ला साताऱ्याचे छत्रपती आप्पासाहेब महाराज गेले, जायच्या आधी त्यांनी दत्तक घेतला होता, मुंबईचा गव्हर्नर क्लार्क तो मान्य करा म्हणत होता, पण गव्हर्नर जनरल डलहौसीने मानलं नाही. खाजगी मालमत्तेला दत्तक चालेल, राज्याला नाही, असं म्हणून सातारा खालसा. आणि क्लार्कच्या जागी गव्हर्नर म्हणून आला तो लॉर्ड फॉकलंड, त्याची बायको अमेलिया फिट्झक्लॅरन्स, तुमच्या फ्रेडरिकची सख्खी बहीण. तिच्या बापाच्या गादीवर तिच्या भावांना जन्मामुळे हक्क नाही, आणि तिचा नवरा मुंबईत बसलेला असताना साताऱ्याच्या मुलाला दत्तक म्हणून हक्क नाही. ही बाई तुमच्या १४ भागांत एकदाही येत नाही, तिला आणा, प्लीज.

तुमच्या मुलाला राजा करायचंच असेल तर त्यालाही वेगळा ॲक्ट लागेल, त्यात त्याचं नाव, शिवाय १७०५ मध्ये सोफियासाठी केला तसा नॅचरलायझेशनचा, म्हणजे परक्याला इंग्लंडचा प्रजाजन करून घेण्याचा ॲक्ट, कारण तो जन्मला तेव्हा सातारा हे वेगळं राज्य होतं. आणि सगळ्यात जड अट म्हणजे राजा चर्च ऑफ इंग्लंडचाच पाहिजे. पंजाबच्या पदच्युत महाराजा दुलीपसिंगचा धर्म १८५३ मध्ये कोवळ्या वयातच बदलला, तसंच या पोराचं. तुम्ही त्याला देवघरातून उठवून वेस्टमिन्स्टरला नेता आणि मधला हा दरवाजा दाखवतच नाही. तो दाखवायलाच हवा असं मला वाटतं, कायद्यासाठी नाही, त्या पोरासाठी.

पैशांचं लवकर सांगते. कल्पित इतिहासात "अचूक" म्हणजे काय हे करारात लिहिलेलं नाही, त्यामुळे गोळी लागली हे चूक धरता येणार नाही, ती तर मालिकेची मूळ कल्पना, आणि ती त्यांनी वाचूनच घेतली. चूक धरता येईल ती नवव्या भागातल्या लग्नाच्या कागदाची आणि दत्तकाची. ते दुरुस्त करून द्यायची तयारी आजच मेलवर कळवा आणि नेमकी कुठली बाब चुकली हे लेखी मागा, फोनवर काही बोलू नका. मालिका सुरू आहे, लोक ऐकतायत, आणि तरी ५ भागांचं सगळं मानधन दाबून ठेवायचं हे टिकणं अवघड, कॉन्ट्रॅक्ट ॲक्टच्या कलम ७४ प्रमाणे दंडाची रक्कम करारात लिहिलेली असली तरी वाजवी भरपाईच मिळते. दाव्याची मुदत पैसे देय झाल्यापासून ३ वर्षं, म्हणजे घाई नाही, पण १५ दिवसांत उत्तर आलं नाही तर वकिलामार्फत नोटीस द्या.

आणि कराराची शेवटची दोन पानं तुमच्या मेलमध्ये आलेली नाहीत, कोर्ट कुठलं आणि लवाद आहे का हे बहुतेक तिथेच असेल, ती स्कॅन करून पाठवा, त्याशिवाय नोटिशीचा मसुदा करू नका.