हाताला रस्ता ठाऊक हवा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

वालसुराचं, म्हणजे नौदलाच्या इलेक्ट्रिकल शाळेचं, ट्रेनिंग संपवून पहिल्या जहाजावर निघालास, हे तुझ्या आईकडून कळलं. फोनवर तू मात्र नाराज वाटलास. "काका, उद्या लढाई झालीच तर बाकीचे तोफांवर असतील आणि मी खाली वायरी तपासत बसेन," म्हणालास. ते मनाला लागलं, म्हणून लिहितोय.

१० डिसेंबर १९४१. मलायात क्वांतानजवळच्या समुद्रात ब्रिटिशांची 'प्रिन्स ऑफ वेल्स' ही नवीकोरी युद्धनौका होती. जपानी विमानानं सोडलेला टॉर्पेडो डाव्या बाजूला, मागे प्रोपेलरच्या शाफ्टपाशी बसला. शाफ्ट वाकला आणि तसाच फिरत राहिला. त्याच्या वाटेनं पाणी आत घुसलं. आठपैकी पाच डायनामो गेले, मागच्या भागात वीज राहिली नाही. विमानविरोधी तोफांवर माणसं होती, गोळे होते. पण मागच्या तोफा वळवणार कशानं? पंप थांबले, पाणी उपसता येईना. पंखे थांबले, खाली श्वास कोंडला. सुकाणूही हलेना. दीड तासात जहाज बुडालं, ३२७ माणसं गेली.

अशा वेळी शाबूत डायनामोपासून जाड केबल ओढत, अंधारात, कललेल्या डेकवरून पुढे जायचं ते तुझ्यासारख्या विशी-बाविशीच्या पोरांनीच. (तेव्हा ब्रिटिश नौदलात विजेचं काम टॉर्पेडो शाखेकडे होतं. स्वतंत्र इलेक्ट्रिकल शाखा १९४६ साली झाली. आपलं वालसुराही १९४२ मध्ये टॉर्पेडो स्कूल म्हणूनच सुरू झालं.)

आता माझी एक चूक सांगतो. जहाजावरच्या पहिल्याच वर्षी, रात्रपाळीत, स्विचबोर्डावरच्या तीन अर्थ-लॅम्पपैकी (वीज गळत असली तर दाखवणारे दिवे) एक मंद झालेला मी पाहिला. बाकीचे दोन जास्तच उजळले होते. म्हणजे एका फेजला 'अर्थ' लागला होता, त्या तारेची वीज जहाजाच्या धातूच्या अंगाला लागली होती. जहाजाची वीज हलपासून, म्हणजे त्या अंगापासून, वेगळी ठेवलेली असते, त्यामुळे पहिल्या अर्थनं काहीच बंद पडत नाही. सगळं चालू आहे, सकाळी बघू, म्हणून मी वहीत नोंद केली आणि बसून राहिलो. पहाटे दुसऱ्या फेजला अर्थ लागला आणि फायर पंप ट्रिप होऊन बंद पडला. आग नव्हती, हे नशीब. आमचे चीफ एक शब्द बोलले नाहीत. मेगर, म्हणजे तारांचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र, माझ्या हातात दिला आणि बिघाड सापडेपर्यंत माझ्याशेजारी उभे राहिले. ओल धरलेला एक जंक्शन बॉक्स होता, झाकणाचा गॅस्केट कुणीतरी नीट बसवला नव्हता. त्या दिवसापासून मंद दिवा दिसला की मी बसलो नाही. तूही बसू नकोस.

आणि जहाजावर पोचलास की पहिल्या मोकळ्या दिवशी चीफची परवानगी घेऊन मेन स्विचबोर्डापासून सुकाणू फिरवणाऱ्या स्टिअरिंग गिअरपर्यंत चालत जा. एकदा उजेडात, मग डोळे मिटून. हात केबल-ट्रेच्या कडेनं सरकू दे, शिड्या आणि वॉटरटाइट दरवाजे मोज. किती दरवाजे लागले, ते मला कळव.

तुझा,
काका