मलेशियाला व्हिसा लागत नाही, मग नुसता पासपोर्ट घेऊन गेलं की झालं का?

तुम्ही विचारलंय की आई-वडिलांना घेऊन आठ दिवस मलेशियाला जायचंय, एजंट म्हणतो ‘व्हिसा फ्री आहे, पासपोर्ट उचला आणि निघा’, तर यात कितपत तथ्य आहे. अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यापायी माझ्या वडिलांचं तिकीट मुंबईच्या विमानतळावर वाया गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी नियम. मलेशियाने 1 डिसेंबर 2023 पासून भारतीय पासपोर्टवाल्यांना 30 दिवसांपर्यंतच्या पर्यटनासाठी व्हिसा माफ केला. सुरुवातीला ही सवलत 2024 अखेरपर्यंत होती, मग ती 31 डिसेंबर 2026 पर्यंत वाढवली. म्हणजे ही मुदतीची सवलत आहे, तुमची तारीख त्या मुदतीत बसते का ते तिकीट काढतानाच बघा. या 30 दिवसांत फिरायचं, नातेवाइकांना भेटायचं, खरेदी करायची. काम करायचं नाही, ‘मित्राच्या हॉटेलात जरा मदत’सुद्धा नाही.

आता ‘व्हिसा फ्री’ या शब्दाचा घोळ. व्हिसा लागतो तेव्हा तुमची चौकशी आधी, घरी बसल्या होते. कागद द्या, फी भरा, हो किंवा नाही कळतं. व्हिसा माफ झाला की तीच चौकशी काउंटरवर, उभ्या उभ्या, मागे रांग ताटकळत असताना होते. आणि असे काउंटर एक नाही, तीन असतात. पहिला आपल्याच विमानतळावर, विमान कंपनीचा. आमची गाडी तिथेच अडली.

जानेवारी 2024 ची गोष्ट. सवलत नुकतीच सुरू झालेली, आम्ही तिघांनी हौसेने तिकिटं काढली. बाबांच्या पासपोर्टवर जून 2024 अशी मुदत होती. घरात सगळ्यांनी पाहिली होती, ‘जूनपर्यंत आहे की अजून’ म्हणून ठेवूनही दिली. काउंटरवरच्या मुलीने तारीख बघितली, बोटांवर महिने मोजले आणि शेजारच्याला बोलावलं. पोहोचायच्या दिवसापासून पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. बाबांची पाच महिने आणि काही दिवस होती. हुज्जत घालून उपयोग नसतो, कारण परक्या देशाने प्रवाशाला दारातून परत पाठवलं तर त्याला परत आणायची जबाबदारी आणि वर दंड विमान कंपनीच्या माथी येतो. त्यामुळे त्यांच्या संगणकावर जे लिहिलंय तेच चालतं. बाबा म्हणाले, तुम्ही दोघं जा. आई म्हणाली, मग मीपण नाही जात. तिघंही पहाटे साडेचारच्या टॅक्सीने घरी. तिकिटाचे पैसे बुडाले ते बुडालेच. पासपोर्ट नवा करून ऑगस्टमध्ये पुन्हा गेलो, तेव्हा कुठे क्वालालंपूरचे जुळे मनोरे दिसले.

तेव्हा आज उठून पहिलं काम हे करा: तिघांचे पासपोर्ट काढा आणि मुदतीची तारीख मोठ्याने वाचा. पानं फाटलेली, ओल लागून चिकटलेली असतील तरी अडवतात. तिकिटावरचं नाव पासपोर्टशी जुळवून घ्या. आपल्याकडे आयांच्या पासपोर्टवर कधी माहेरचं नाव, कधी नवऱ्याचं नाव मधे, कधी नाहीच, आणि तिकीट काढणारा पोरगा ‘आई’ एवढंच डोक्यात ठेवून टाइप करतो.

मलेशियासाठी दुसरी सक्तीची गोष्ट म्हणजे डिजिटल अरायव्हल कार्ड. 1 जानेवारी 2024 पासून हे लागतं. पोहोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं, त्याहून आधी भरू नका. पासपोर्ट, विमान, राहायचा पत्ता एवढीच माहिती, आणि पोच ईमेलवर येते. प्रत्येकाचं वेगळं, लहान मुलाचंही. हे पूर्ण फुकट आहे. पण गुगलवर शोधलं की वरच्या जाहिरातींत सरकारीसारख्या दिसणाऱ्या साइट येतात आणि त्याच फॉर्मचे पैसे घेतात. मलेशियाच्या इमिग्रेशन खात्याच्या साइटवरूनच भरा. कार्ड मागितलं अन् ते नसेल तर काउंटरवरून बाजूला काढतात, मग वायफाय शोधत फॉर्म भरायचा. ईमेल छापून आई-वडिलांच्या पासपोर्टात घालून ठेवा, मोबाइल ऐन वेळी दगा देतो.

दुसरा काउंटर आपल्या इमिग्रेशनचा. तुमच्या आईंचं शिक्षण दहावीपेक्षा कमी असेल तर पासपोर्टवर ईसीआर (‘इमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’, म्हणजे नोकरीसाठी परदेशी जाण्याआधी सरकारी तपासणी हवी) असं छापलेलं असू शकतं. नोकरीसाठी 18 ठरावीक देशांत जाताना अशा लोकांना सरकारची परवानगी लागते, आणि त्या 18 मध्ये आखातातल्या देशांबरोबर मलेशिया, थायलंड, इंडोनेशियाही आहेत. पर्यटनाला ती परवानगी लागत नाही. पण अधिकारी दोन प्रश्न जास्त विचारतो: कुठे चाललात, खर्च कोण करतंय, परत कधी. माझ्या आईला विचारलं तेव्हा ती इतकी घाबरली की हॉटेलचं नाव सोडून आमच्या गावाचं नाव सांगून बसली. मुलगा शेजारी उभा असेल, परतीचं तिकीट हातात असेल तर दोन मिनिटांत सुटका होते. वयाची पन्नाशी उलटलेल्यांना हा ईसीआरचा शिक्का लागू नाही. पुढच्या वेळी पासपोर्ट नवा करताना तो काढून घ्या.

अधिकारी एवढे का खोदतात, त्यालाही कारण आहे. थायलंडने नोव्हेंबर 2023 मध्ये भारतीयांना 30 दिवस व्हिसा माफ केला, जुलै 2024 मध्ये ते 60 दिवस केले. लाखो लोक मजेत फिरून आले. पण त्याच वाटेने नोकरीच्या आमिषाने तरुण पोरांना पर्यटक म्हणून नेऊन म्यानमारच्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांत अडकवलं गेलं. मार्च 2025 मध्ये असे पाचशेहून जास्त भारतीय वायुसेनेच्या विमानांनी थायलंडच्या सीमेवरच्या माय सॉट गावाहून परत आणावे लागले. इराणने फेब्रुवारी 2024 मध्ये 15 दिवसांची सवलत दिली होती. तिचा फायदा घेऊन दलालांनी लोकांना तिकडे नेऊन पळवून नेण्याचे, खंडणीचे प्रकार झाले आणि इराणने नोव्हेंबर 2025 मध्ये ती सवलतच थांबवली. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या ‘भारतीयांसाठी इतके देश व्हिसा फ्री’ याद्यांत मात्र अजून इराण असतो. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ती यादी दर दिवाळीला येते, वर फुलं-पणत्या लावून.

त्या याद्यांत आणखी एक गंमत असते. केनियाने जानेवारी 2024 पासून सगळ्या जगाला व्हिसा फ्री केलं असं जाहीर केलं, पण आधी ऑनलाइन परवानगी घ्यायची आणि तिचे सुमारे 30 डॉलर भरायचे. मग वेगळं काय राहिलं, तुम्हीच सांगा. भूतानला आपल्याला व्हिसा नाही, पण दर रात्री माणशी 1200 रुपये विकास शुल्क आहे. नेपाळला तर काहीच नाही, तरी विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. आधार फक्त 15 वर्षांखालच्यांना आणि 65 वर्षांवरच्यांना चालतं. पशुपतिनाथाला निघालेल्या ग्रुपमधला एखादा पन्नाशीचा काका नेमका फक्त आधार घेऊन येतो.

तिसरा काउंटर क्वालालंपूरचा. तिथे परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि खर्चापुरते पैसे, एवढं दाखवायची तयारी ठेवा. रोख थोडे रिंगिट (मलेशियाचं चलन) आणि चालू असलेलं आंतरराष्ट्रीय कार्ड पुरतं. नातेवाइकाकडे उतरणार असाल तर त्यांचा पत्ता आणि फोन कागदावर. ‘बघू, तिथे गेल्यावर ठरवू’ हे उत्तर चुकूनही देऊ नका. ते समाधानी झाले नाहीत तर त्याच विमानतळावरून परत पाठवायचा त्यांना पूर्ण अधिकार आहे, व्हिसा माफ असला तरी. शिक्का मिळाला की तिथेच वाचा. तुमचे दिवस मनातल्या हिशोबाने मोजू नका, नोंदीत काय दिलंय ते बघा.

आणि सगळ्यात मोठा सापळा सिंगापूरचा. मलेशियाचा आठ दिवसांचा बेत म्हटला की कुणीतरी सुचवतंच, ‘जोहोर बाहरूहून पूल ओलांडला की सिंगापूर, एक दिवस जाऊन या’. पूल छोटा आहे, पण सिंगापूरला भारतीयांना व्हिसा लागतो, आणि तो निघण्याआधी काढावा लागतो. बसमध्ये बसून सीमेवर पोहोचल्यावर कुणी देत नाही. व्हिसा काढून गेलातच, तर मलेशियात परत शिरताना अरायव्हल कार्ड नव्याने भरायचं, कारण तो नवा प्रवेश धरतात. परतीचा प्रवास सिंगापूरमार्गे असेल आणि दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील तरी हीच भानगड. सामान घ्यायला बाहेर यायचं म्हणजे सिंगापूरमध्ये प्रवेश करायचा.

सिंगापूर वाटेत असेल तर आईंना एक सांगून ठेवा. तिथे खसखशीला बंदी आहे, दुबईतही आहे. आमच्या आईने ऑगस्टच्या वेळी अनारशांचा डबा भरून ठेवला होता, आदल्या रात्री मी तो बॅगेतून काढला. खसखस न लावता अनारसे ही कल्पनाच तिला मान्य नव्हती. शेवटी शंकरपाळे नेले.