बहिणीचं बीज घेऊ का?

कोपरखैरणेच्या ताई, वय ४१, एएमएच (बीजांचा साठा किती उरलाय ते सांगणारी रक्ततपासणी) ०.३, म्हणजे फारच कमी, स्वतःच्या बीजांवरची दोन आयव्हीएफ वाया गेली, डॉक्टर डोनर एग, म्हणजे दुसऱ्या बाईचं स्त्रीबीज, घ्या म्हणतायत आणि धाकटी बहीण बीज द्यायला तयार आहे. तर तिचंच घेऊ का, असं तुम्ही विचारलंय.

माझी मावसबहीणही तयार होती. ठाण्यातल्या आमच्या डॉक्टरांनी सरळ नाही म्हटलं. आयव्हीएफसारख्या उपचारांसाठीच्या २०२१च्या एआरटी कायद्याप्रमाणे बीज नोंदणी झालेल्या बँकेकडूनच येतं. देणारी २३ ते ३५ वर्षांची लागते, आयुष्यात एकदाच देते, तिचं नाव आपल्याला कळत नाही. मी कासारवडवलीपर्यंत रिक्षात रडत आले, घोडबंदरच्या ट्रॅफिकमुळे रडायला वेळही भरपूर मिळाला! आता वाटतं, सुटले. नाहीतर मावशी की आई, हा प्रश्न दर दिवाळीला फराळाच्या ताटाशी येऊन बसला असता.

खरी मेख पुढे आहे. एका डोनरकडून कायद्याने जास्तीत जास्त ७ बीजं काढता येतात. आमच्या सातांतली सहा पक्व निघाली, पाचांत फलन झालं, पाचव्या दिवसापर्यंत दोनच गर्भ टिकले. पहिला ट्रान्सफर, म्हणजे गर्भ गर्भाशयात सोडणं, फुकट गेला, दुसऱ्यातून आमची लेक. म्हणून पैसे भरण्याआधी विचारा, पक्व बीजं कमी निघाली तर पुढे काय? डोनरची थॅलेसेमियाची (रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासणी झालीय का? एका डोनरची बीजं दोन जोडप्यांत वाटून स्वस्तात देतो, असं कुणी म्हणालं तर उठून या, कायद्याने ती एकाच जोडप्याला देता येतात. डोनरचा बारा महिन्यांचा आरोग्यविमाही आपणच काढायचा असतो. तो टाळू नका. इंजेक्शनं ती बाई घेते, भूल देऊन बीजंही तिचीच काढतात.

कायद्याने मूल तुमचंच, डोनरचा त्यावर हक्क राहत नाही. सासूबाई मात्र नाक कुणाचं ते शोधणारच. आमच्या सासूबाईंना ते त्यांच्याच माहेरी सापडलं. बहिणीला नकार कळवताना बाकीचं सगळं सांगायची घाई करू नका. मुलाला कधी सांगायचं ते आधी दोघांत ठरवा, कारण त्याला ते लग्नाच्या मांडवात तिसऱ्याच कुणाकडून कळू नये. आम्ही लेकीला तिसऱ्या वर्षापासून थोडं थोडं सांगतोय. सध्या तिला त्यापेक्षा तलावपाळीच्या बोटीत जास्त रस आहे.

आणि दिवस राहिले, तर घरी बीपीचं मशीन आणा. डोनर एगच्या गरोदरपणात बीपी चढायचा धोका जास्त असतो. माझं ३४व्या आठवड्यात चढलं, मशीन होतं म्हणून वेळेत कळलं.