स्प्रे मशीन नवीन घेतलंस ना, मग आधी सक्शन पाईप सांभाळ

भावा, एअरलेस (हवेशिवाय, पंपाच्या प्रेशरनं रंग फवारणारं मशीन) घेतलंस ते बरंच केलंस. गन, टिप सगळं मागनं शिकशील, पण सुरुवातीला सक्शन पाईपकडं, म्हणजे डब्यातनं रंग ओढून पंपात नेणाऱ्या पाईपकडं बघ, कारण "मशीन रंग ओढंना" म्हणून पोरं थेट कुपवाडला रिपेअरला पळतात आणि लई वेळा पंप ठणठणीत असतो, हवा पाईपातनं घुसत असते.

ओळखायचं कसं? रिटर्नच्या नळीतनं, म्हणजे रंग परत डब्यात सोडणाऱ्या नळीतनं, बुडबुडे थांबतच नाहीत. मग आधी बघ खालची जाळी रंगात पूर्ण बुडालीय का, मग पाईप पंपाला जोडणारा नट हातानं आवळ, तरी थांबंना तर नट खोलून आतली ओरिंग (रबराची गोल रिंग) बघ. चपटी झालेली, चिरलेली, नाहीतर तिच्यावर वाळलेल्या रंगाचा पापुद्रा बसलेला असला की हवा घेणारच.

- खोलायच्या आधी मशीन बंद, लाईटची पिन काढ आणि प्रेशर पूर्ण सोड. हे कधीच विसरू नको, प्रेशरचा रंग कातडीत घुसतो.
- रंग गाळूनच घे, डब्यातली साय जाळीत अडकते.
- काम संपलं की लगेच धू. पाण्याच्या रंगाला पाणी, ऑइल पेंटला थिनर, रिटर्नमधनं स्वच्छ येईपर्यंत. आपल्या सांगलीच्या मे महिन्यात जेवायला बसलास तरी पाईप बाहेर काढून ठेवू नको, रंगातच बुडवून ठेव.
- गुंडाळताना पाईप मुडपू नको.

पंपाच्या आतलं इनलेट व्हॉल्व्ह, पॅकिंग आत्ता अजिबात उघडू नको. ओरिंग मात्र एक जादाची आणून ठेव.